एकट्याचं घर, शुगर आणि दाराची कडी

दोन वर्षांपूर्वी एका संकष्टीला संध्याकाळी सातच्या सुमारास साताऱ्याहून फोन आला. तिथं एकटी राहणाऱ्या आत्याच्या शेजारणीचा. "अहो, तुमच्या आत्या फोनवर काहीतरी भलतंच बोलतायत. दार वाजवून हात दुखले, उघडत नाहीत." मी पुण्यात. लगेच गाडी काढली तरी दोन-अडीच तास लागणार. पुढच्या दाराला आतून वर एक आणि खाली एक, अशा दोन कड्या. शेवटी शेजारणीचा मुलगा परसाच्या भिंतीवरून आत उतरला. मागचं दार नुसतं ढकललेलं होतं म्हणून बरं. आत्या ओट्यापाशी उभी होती. हातात चहाचं गाळणं, गॅस बंद, पातेलं रिकामं. पोलकं घामानं पाठीला चिकटलेलं. "बस रे, चहा टाकते," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. शेजाऱ्यांच्या मशीनवर शुगर आली 41.

सकाळी तिनं डायबेटीसची नेहमीची गोळी घेतली होती. दिवसभरात पोटात गेले होते मूठभर शेंगदाणे आणि दोन वेळा बिनसाखरेचा चहा. चंद्रोदय नऊनंतर होता.

तोवर आम्ही भाचेमंडळी तिला फोनवर एकच विचारायचो, शुगर किती आली? दोनशेच्या वर आली की बोलणी, शंभरच्या आत आली की शाबासकी. चूक तिथंच होती. वाढलेली शुगर वर्षानुवर्षं हळूहळू पोखरते. उतरलेली शुगर अर्ध्या तासात माणसाला आडवं करते, आणि मदत मागायला जे डोकं लागतं तेच आधी बंद पाडते. घरात दुसरं कुणी असेल तर ते वेळेवर साखर भरवतं. एकट्या माणसाला ही सोय शुद्धीत असतानाच करून ठेवावी लागते. म्हणून हा लेख पथ्यापासून सुरू न करता दारापासून करतो.

आधी दार आणि दूध

आजच्या आज करायचं काम: आतून लावायच्या कड्या आणि बोल्ट रात्री लावणं बंद. त्याऐवजी बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅच बसवून घ्या. सुतार अर्ध्या दिवसात बसवतो. एक किल्ली शेजारी, दुसरी गावातल्याच एखाद्या नातेवाइकाकडे. चोरांची भीती वाटते हे खरं, पण आतून कडी असेल तर रुग्णवाहिका येऊनही दाराबाहेर उभी राहील. बाथरूमच्या दाराचंही तेच. आतली कडी लावू नका, दार नुसतं लोटून घ्या, घरात तुम्ही एकटेच आहात, लाजायचं कुणाला?

मग रोजची खूण ठरवा. आत्याच्या दाराला सकाळी दुधाची पिशवी अडकवलेली असते. साडेसातपर्यंत ती आत गेली नाही तर शेजारीण बेल वाजवते, बेलला उत्तर नाही आलं तर किल्ली लावते. एवढंच. कुणी रोज येऊन चौकशी करत बसत नाही, आत्यालाही कुणावर भार टाकल्यासारखं वाटत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर वॉचमन, पेपरवाला, कामाच्या बाई यांपैकी ज्यांचा नेम पक्का आहे त्यांच्याशी असंच ठरवा. आणि ज्या सुप्रभातच्या फोटोंना मुलं कंटाळलेली असतात, ते इथे कामाला येतात. साडेआठपर्यंत आईचं गुलाबाचं फूल आलं नाही तर फोन, फोन उचलला नाही तर शेजारी फोन, हा क्रम मुलांना सांगून ठेवा. लेक ह्यूस्टनला असो की हडपसरला, शेजाऱ्यांचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये हवाच.

तुमची गोळी कोणत्या जातीची?

डायबेटीसच्या सगळ्याच गोळ्या शुगर एकदम खाली नेत नाहीत. स्ट्रिप उलटी करा, भिंग घ्या, आणि कंपनीनं मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिपिझाइड यांपैकी काही दिसलं, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर शुगर उतरण्याचा धोका तुम्हाला आहे. ग्लिबेनक्लामाइड तर म्हातारपणी टाळावी असंच सांगतात, कारण तिचा परिणाम फार वेळ टिकतो. ती चालू असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, बदलता येईल का.

नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोक्याइतकी उतरत नाही. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही मंडळीही एकटी असताना तशी गरीब. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या गोळ्या शुगर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे लघवीला जास्त जावं लागतं, लघवीच्या जागी खाज येऊ शकते, आणि पाणी कमी प्यायलं तर चक्कर येते.

आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, म्हणून बारीक अक्षरांतली सगळी नावं वाचा. त्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर एक महत्त्वाची गोष्ट: हे औषध आतड्यात साखर फुटू देत नाही. शुगर उतरल्यावर स्वयंपाकघरातली साखर किंवा गूळ खाल्ला तरी तो लवकर रक्तात उतरत नाही. तुम्हाला ग्लुकोजच लागेल, केमिस्टकडे डब्यात मिळते ती पावडर. खरं तर मी म्हणेन, गोळी कुठलीही असो, घरात ग्लुकोज ठेवाच, म्हणजे ऐन वेळी आठवत बसायला नको.

ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर शुगर उतरताना होणारी धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र येतो. तुमच्यासाठी घाम हीच धोक्याची घंटा.

शुगर उतरली तर

70 च्या खाली आकडा म्हणजे उतरली. 54 च्या खाली म्हणजे गंभीर. पण बऱ्याचदा आकड्याआधी शरीर सांगतं: अचानक भूक, गार घाम, हात थरथरणं, जीभ जड होणं, डोळ्यांपुढे अंधारी, उगाच चिडचिड. म्हातारपणी ही लक्षणं पुस्तकात असतात तशी येत नाहीत. नुसता गोंधळ होतो, कुठलं बटण दाबायचं ते कळत नाही, आणि बघणारा म्हणतो, वय झालं आता. रात्री उतरली तर वाईट स्वप्नं पडतात, सकाळी उशी ओली लागते, डोकं दुखतं. असं दोनदा झालं तर एका रात्री तीनचा गजर लावून शुगर तपासा.

अशा वेळी करायचं ते असं:

1. आहात तिथं बसा. खुर्ची नसेल तर जमिनीवर, भिंतीला टेकून. पडून खुबा मोडला तर ते दुखणं याहून मोठं.
2. मशीन हाताशी असेल तर तपासा. नसेल तर शोधत फिरू नका, उतरली आहे असंच धरा.
3. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे ग्लुकोज घालून प्या. म्हणजे साधारण 15 ग्रॅम. व्होग्लिबोज-अकार्बोज नसेल तर तीन चमचे साखर किंवा अर्धा ग्लास साधं कोल्ड्रिंक चालतं. डाएटवालं नव्हे, त्यात साखरच नसते.
4. लगेच शेजारी फोन करा. बरं वाटायची वाट बघू नका. पाच मिनिटांनी तुम्हाला नंबर लावता येईलच असं नाही. "शुगर उतरलीय, जरा येऊन बसा," एवढं पुरे.
5. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच ग्लुकोज.
6. वर आली की खा. पोळी-भाजी, दूध-भाकरी, काहीही, पण पोटभरीचं. नुसतं ग्लुकोज तासाभरात संपतं.

पेढा, बर्फी, चॉकलेट यांनी सुरुवात करू नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर पचायला वेळ लागतो. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे उतरलेली शुगर एकदा वर आली म्हणून विषय मिटत नाही. किडनी मंदावलेली असेल तर गोळीचा अंमल लांबतो आणि काही तासांनी शुगर पुन्हा घसरू शकते. त्या रात्री एकट्यानं झोपू नका. कुणी सोबतीला नसेल तर दवाखान्यात जाऊन राहिलेलं बरं. आत्याला आम्ही त्या रात्री दवाखान्यात ठेवलं, आणि पहाटे चारला शुगर पुन्हा 62 झाली होती.

शेजाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगा: मी बेशुद्ध असलो तर तोंडात काहीही घालायचं नाही. ना साखर, ना पाणी. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे, तिला पैसे लागत नाहीत.

ग्लुकोजचे डबे तीन ठिकाणी: उशाशी, ओट्यावर, बाहेर जायच्या पिशवीत. उशाशी ठेवताना सोबत पाण्याची बाटली आणि चमचाही ठेवा. आत्यानं पहिल्यांदा डबा ठेवला तो सीलबंद. घाम आलेल्या, थरथरत्या हातांनी ते सील निघेल का, याचा विचार केलाच नव्हता. डबा उघडून, झाकण सैल करून ठेवा.

आकडा किती हवा

चाळिशीतल्या जावयाचा तीन महिन्यांचा रिपोर्ट 6.5 आला म्हणून तुमचाही तसाच यायला हवा असं नाही. ज्येष्ठांमध्ये बाकी तब्येत ठणठणीत असेल तर एचबीएवनसी, म्हणजे हाच तीन महिन्यांचा सरासरी आकडा, 7 ते 7.5 च्या आत, आणि हृदय, किडनी, विस्मरण, पडझड असं बरंच काही मागं लागलेलं असेल तर 8 च्या आत, असा सैल हिशोब अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. अशा माणसाला सकाळी उपाशीपोटी 90 ते 150 आणि झोपताना 100 ते 180 पुष्कळ झालं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असताना झोपायच्या वेळी 100 च्या आत आकडा आला तर आनंद मानू नका, काहीतरी खाऊन झोपा आणि डॉक्टरांना कळवा.

डॉक्टरांना थेट विचारा, "मी एकटी राहते, माझा आकडा किती ठेवायचा?" तुम्ही एकट्या राहता हे त्यांना ठाऊक नसण्याची शक्यता खूप. केसपेपरवर तसा रकाना नसतो. महिन्यात दोनदा जरी 70 च्या खाली गेली तरी गोळी कमी करायची का, हे विचारायलाच हवं.

ताट आधी, गोळी मागून

ग्लिमेपिराइड जेवणाच्या तोंडावर घ्यायची असते. लोक गोळी घेतात, तेवढ्यात सिलेंडरवाला येतो, मग बहिणीचा फोन, मग कुकर लावायचा राहिलाय हे आठवतं, आणि खायला तास लागतो. म्हणून नियम साधा ठेवा: ताट वाढून समोर आल्याशिवाय गोळी तोंडात नाही.

दुसरा घोळ म्हणजे "घेतली की नाही घेतली?" एकट्या माणसाला विचारायला कुणी नसतं. सात दिवसांचा, सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेला डबा केमिस्टकडे मिळतो. रविवारी दुपारी चष्मा लावून, उजेडात बसून तो भरा. खण रिकामा म्हणजे घेतली. डबा भरायचा राहिला असेल आणि शंका आली, तर शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन पुन्हा घेऊ नका. एक डोस चुकला तर त्या दिवशी शुगर थोडी चढेल. दोनदा घेतला तर 41.

स्ट्रिप कात्रीनं कापताना नाव आणि मुदतीची तारीख उडून जाते, तेव्हा पूर्ण स्ट्रिपच घ्या. हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, आणि मधेच गुडघ्यांचे तिसरे, असं असेल तर सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून प्रत्येक भेटीला न्या. नाव वेगळं आणि आत औषध तेच, असं दोनदा लिहून आलेलं आम्हाला आत्याच्या पिशवीत सापडलं. जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतं, जरूर घ्या, पण बारीक अक्षरांतलं नाव, मिलिग्रॅम आणि ‘एसआर’ (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) ही अक्षरं जुळतात का ते ताडून. एसआर गोळी कुटून किंवा चावून खायची नसते.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं, पेनमधलं (पेनासारख्या टोचायच्या साधनातलं) 100 चं. सिरिंजही दोन प्रकारच्या, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. केमिस्टकडे मुलगा नवा असेल तर तो चुकीची सिरिंज देऊ शकतो. टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा तुम्हीच बघून घ्या. पेनच्या नळीतून सिरिंजनं इन्सुलिन कधीच काढू नका. नजर अधू असेल तर पेन बरं, प्रत्येक युनिटला टिक असा आवाज येतो, तो मोजता येतो. टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढा.

न फोडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलं की ते गेलं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. वापरात असलेलं घरातल्या गार जागी साधारण 28 दिवस टिकतं. फोडल्याची तारीख बाटलीवर पेननं लिहा. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा खानदेशात लाइट गेली तर माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत छोटं मडकं ठेवून, त्यात पिशवीत गुंडाळलेली बाटली ठेवतात. चांगली युक्ती आहे. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत. ओल्या कचऱ्यात टाकल्या तर त्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसतात.

मशीन

हात साबणानं धुवा, पुसा, मग टोचा. आंबा चिरलेल्या बोटावर शुगर भलतीच चढलेली दिसते. बोटाच्या टोकावर टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, नाहीतर पावसाळ्यात पट्ट्या बिघडतात. रोज चारदा टोचायची गरज बहुतेकांना नसते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. इन्सुलिनवर असाल तर डॉक्टर वेळा ठरवून देतील. आकडा वहीत लिहायचा कंटाळा येतो, म्हणून आत्या तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी. डॉक्टरांकडे जाताना महिन्याच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून नेते.

मशीनवर आकड्याऐवजी इंग्रजीत ‘हाय’ आलं तर तो नमस्कार नव्हे. शुगर मशीनला मोजता येत नाही इतकी चढली आहे. हात धुऊन पुन्हा एकदा बघा, तेच आलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. ‘लो’ आलं तर ग्लुकोज.

मुलं परदेशात असतील आणि खर्च झेपत असेल तर दंडावर चिकटवायचे सेन्सर आता मिळतात. ते मोबाइलवर शुगर सतत दाखवतात, आणि मुलांनाही दिसते. उपयोगी आहेत, पण ह्यूस्टनमधल्या मुलाला आकडा दिसला तरी ग्लुकोज द्यायला शेजारीणच लागते.

एकट्याचा स्वयंपाक

एकट्यासाठी काय करायचं, म्हणून चहात दोन टोस्ट बुडवून रात्रीचं जेवण उरकणारी माणसं मला किती भेटलीत. डायबेटीसच्या दृष्टीनं हे सगळ्यांत वाईट जेवण: मैदा, प्रथिनं नावापुरती, आणि पहाटेपर्यंत पोट रिकामं. मला वाटतं, म्हातारपणी साखरेपेक्षा प्रथिनांची काळजी जास्त करावी, कारण मांड्यांतली ताकद गेली की माणूस पडतं.

सकाळी एकदाच कुकर लावा, त्यात एका डब्यात मूग किंवा मटकी. तीच उसळ दुपारी भाकरीबरोबर, उरलेल्याचं रात्री पिठलं-भाकरीसोबत तोंडीलावणं. अंडं चालत असेल तर एक रोज. ताक, दही, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. भात सोडायला कुणी सांगत नाही, वाटीभर घ्या, आधी उसळ आणि कोशिंबीर खाऊन मग. ज्वारीची भाकरी चांगली, पण ज्वारीच्या म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर शुगर चढणारच. बिनसाखरेची बिस्किटं म्हणजेही शेवटी मैदाच. दात नसतील तर मऊ खिचडीत डाळ दुप्पट घाला.

उपासाचं बोलायलाच हवं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. शुगर उंच उडते आणि गोळी चालू असेल तर मागून आपटते. आठवड्याचे गुरुवार, एकादशी, संकष्टी असे महिन्यातले सात-आठ दिवस होतात, तेव्हा हे डॉक्टरांसमोर मोकळेपणानं काढा. उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे लिहून घ्या. आत्या आता संकष्टीला दुपारी राजगिऱ्याचं थालीपीठ, दही आणि काकडीची कोशिंबीर खाते, सकाळची गोळी डॉक्टरांनी त्या दिवसापुरती अर्धी केली आहे, आणि चंद्रोदयाची वेळ नऊच्या पुढे असेल तर संध्याकाळी कपभर दूध. गणपतीला तिनं परस्पर विचारून घेतलंय म्हणे.

कारल्याचा रस आणि मेथ्या हे गोळ्यांना पर्याय नाहीत. "डायबेटीस मुळापासून घालवणारी" बिनलेबलची पावडर मात्र घेऊ नका. अशा पुड्यांत ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. तुमची स्वतःची गोळी वरून चालूच असते.

चालणं जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालेल. आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. उपाशीपोटी, गोळी घेऊन, टेकडीवर जाऊ नका.

पाय

नसा बधिर झाल्या की काटा रुतलेला कळत नाही. चपलेत अडकलेला खिळा दिवसभर टोचत असतो आणि मोज्यावर रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. रात्री झोपण्याआधी दोन्ही तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर स्टुलावर पाय ठेवून खाली आरसा धरा. नजर कमी असेल तर तळव्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून बघा. चपला घालण्याआधी उलट्या करून झटका. घरातही अनवाणी नको. देवळाच्या आवारात दुपारची फरशी तापलेली असते, तिथं मोजे घालून जा, देव रागावत नाही.

आंघोळीचं पाणी पायानं नव्हे, कोपरानं तपासा. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. भेगांना कोकमाचं तेल किंवा व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या बेचक्यांत नको, तिथं ओल राहून चिखल्या होतात. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडनं सोलू नका, केमिस्टकडची कुरुपाची पट्टीही नको, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. फोड, काळपट डाग, वास किंवा लाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखत नाही हेच तर दुखणं आहे.

ताप, उलट्या, जुलाब

आजारपणात न खाताही शुगर चढू शकते. आणि म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे शरीर सुकतं. जीभ कोरडी, लघवीला सारखं जाणं, गुंगी आणि शुगर 400 च्या वर असं असेल तर घरी बसायचं नाही.

उलट्या-जुलाब सुरू असताना मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिनवाल्या गोळ्या साधारणपणे थांबवायला सांगतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं पूर्ण बंद करायचं नसतं. कुठली थांबवायची, कुठली अर्धी, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रात्री अकरा वाजता ते फोन उचलतीलच असं नाही. त्या दिवसांत दर चार-सहा तासांनी शुगर बघा, तासातासाला थोडं पाणी, ताक किंवा पेज घ्या, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की मी आजारी आहे.

वर्षाचा हिशोब

डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा, नंबर बदलला नसला तरीही. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. पायांची संवेदना. दात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल, आणि शाकाहारी असाल तर विशेषच, बी-12 तपासा. पायांची जळजळ दरवेळी शुगरमुळेच असते असं नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारा.

70 आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर दरवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. रोजच्या गोळ्या आणि पट्ट्या त्यात येत नाहीत. तालुक्याच्या गावाला तपासणीसाठी जायचं तर 75 वर्षांवर एसटीचा प्रवास फुकट आहे. आणि काही अडलं, कुणाशी बोलावंसं वाटलं, तर ज्येष्ठांसाठी 14567 हा नंबर आहे.

फ्रिजवरचा कागद

शेवटचं काम अर्ध्या तासाचं. एका पांढऱ्या कागदावर जाड मार्करनं, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा. तुमचं नाव, वय, "डायबेटीस आहे". गोळ्यांची बारीक अक्षरांतली नावं आणि वेळा. इन्सुलिन असेल तर किती युनिट. कुठल्या औषधाची ॲलर्जी. डॉक्टर, शेजारी, मुलगा-मुलगी, 108. ग्लुकोजचा डबा कुठे आहे. दवाखान्याची फाइल आणि आधार कार्ड कुठल्या कप्प्यात आहे. गोळी बदलली की कागद नव्यानं लिहा, खाडाखोड करू नका. आत्याचा कागद शेजारणीच्या नातवानं लिहून दिला आहे. सगळ्यात वर, लाल रंगात, त्यानं त्याच्या मनानं एक ओळ घातली आहे: "आजी काहीतरी भलतंच बोलायला लागली तर आधी ग्लुकोज द्या, मग वाद घाला."